मास्तरांच्या बाजूचं पेडल

गाडी सुरू केली की समोरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि मग एकेक करून विझतात, हे सावकाश मास्तर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत. "हजेरी असते ती. सगळे एकदम उभे राहतात, ज्यांचं ठीक आहे ते खाली बसतात. जो उभाच राहील, त्याच्याकडे बघायचं." त्या मंगळवारी सकाळी सगळे बसले आणि एक उभाच राहिला. गोलात उद्गारचिन्ह असलेला, लालभडक, ब्रेकचा.

हँडब्रेक ओढलेला राहिला तरी हाच दिवा लागतो, म्हणून मास्तरांनी आधी तो पाहिला. खालीच होता. तरी त्यांनी तो वर ओढला, खाली सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. दहा-बारा वेळा हे झाल्यावर ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, उपटून येईल हातात."

ही मुलगी मास्तरांचीच. वय वर्षं सव्वीस, पेशानं नर्स, घरात नाव बबडी. तिच्या रुग्णालयात घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या नर्सची जागा निघाली होती, आणि रात्रपाळ्यांना विटलेल्या बबडीनं ती भांडून मिळवली होती. गाडी रुग्णालयाची, चालवायची हिनं. अट एकच होती, महिनाअखेरपर्यंत परवाना दाखवायचा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. दोन परीक्षा होऊन गेल्या होत्या आणि दोन्हींत बबडी नापास झाली होती. तिसरी येत्या शनिवारी होती. चौथीची तारीख महिना उलटून गेल्यावरची, म्हणजे नसल्यातच जमा.

आता ज्यानं बावीस वर्षं अख्ख्या वस्तीला गाडी शिकवली त्याची पोरगी दोनदा नापास होते म्हटल्यावर लोक काय गप्प बसतात? कोपऱ्यावरचा न्हावी तोंडावर फेस लावून झाल्यावरच विषय काढायचा, म्हणजे मास्तरांना उत्तर देता येऊ नये. मास्तर खुर्चीत बसून उजवा पाय पुढे रेटत राहत. तो पाय हा एक वेगळाच प्रकार होता. जेवताना, बँकेच्या रांगेत, अगदी झोपेतसुद्धा तो काहीतरी दाबत असे. नाटक बघायला गेले तर पुढच्या खुर्चीवरचा माणूस मध्यंतरात जागा बदलून घेई.

त्यांना सावकाश मास्तर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, कारण तासाभरात तो शब्द चाळीसदा तरी निघायचा. बाकी माणसात सावकाश असं काही नव्हतं. चहा गरम असतानाच पिऊन जीभ भाजून घेणारा, लिफ्टचं बटण पाचदा दाबणारा माणूस.

शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. दोन्ही एका सळईनं जोडलेले, एक दाबला की दुसरा आपोआप खाली जातो. मास्तरांच्या पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्यानं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. सायकलवाला उठला, कपडे झटकले, चार शिव्या दिल्या आणि निघून गेला. त्याला खरचटलंदेखील नव्हतं. पण मास्तरांचा पाय त्या दिवशी जो पेडलवर गेला तो परत आलाच नाही. न्हावी म्हणायचा, "मास्तर, तुमची गाडी मागून कायम लाजलेली. जेव्हा बघावं तेव्हा लाल." मास्तर म्हणायचे, शिकाऊ पोरं आहेत, ब्रेक दाबणारच.

तर तो दिवा. हँडब्रेकनं काम होईना तेव्हा मास्तर उतरले, बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीत डोकावले. तेल खालच्या रेघेच्याही खाली होतं. मास्तरांना बरं वाटलं. रोग सापडला की माणसाला निम्मं बरं वाटतंच. डिकीत ऑइलची बाटली होती, दोन महिन्यांपूर्वी हाच दिवा लागला तेव्हा आणलेली. तेव्हाही त्यांनी वरच्या रेघेपर्यंत तेल भरलं होतं आणि दिवा मुकाट्यानं विझला होता. आताही भरलं. आताही विझला.

"झालं," मास्तर म्हणाले. "चल. पहिला गिअर. सावकाश."

दुपारी जेवताना त्यांनी ही मर्दुमकी बायकोला सांगितली. मास्तरीणबाईंना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि त्यांना कळून घ्यायचंही नव्हतं. पण त्यांनी वाढता वाढता विचारलं, "अहो, पण तेल गेलं कुठं?"

"म्हणजे?"

"माझ्या बरणीतलं तेल उतरलं तर मी आधी बघते, बरणी गळते की कोणी जास्त वापरतंय. तुम्ही नुसतं भरलंत. दोनदा भरलंत. गेलं कुठं ते?"

मास्तरांचा घास हातात राहिला. उत्तर सोपं होतं, कुठंतरी गळत असणार. आणि ब्रेकचं तेल गळतंय म्हणजे ऐन वेळी पेडल दाबावं आणि ते भसकन तळाला जावं. मास्तरांच्या पाचावर धारण बसली. अर्धं ताट टाकून ते उठले, फ्रिजच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि दर अर्ध्या तासानं गुडघ्यावर बसून डाग पडलाय का ते बघत राहिले. संध्याकाळपर्यंत शेजारणीनं दोनदा विचारलं, काही हरवलंय का म्हणून. बुधवारी सकाळीही पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता.

दिवा विझलेला, पुठ्ठा कोरडा. दुसरा कोणी असता तर सुखानं कामाला लागला असता. मास्तरांचं उलटंच झालं. गळत नाही म्हटल्यावर तर त्यांना बसवेना.

त्या सकाळच्या तासाला बबडी बरी चालवत होती. पण मास्तरांचं एक लक्ष समोरच्या दिव्यावर आणि दुसरं रस्त्यावर. शाळेपाशी एक रिकामा हातगाडा आडवा आला. मास्तर ओरडले, "सावकाश, सावकाश," आणि गाडी थांबली.

"मी दाबणारच होते," बबडी म्हणाली.

"दाबणार होतीस. दाबलास कुठं?"

"अहो बाबा, दाबणारच होते!"

"प्रत्येक जण हेच म्हणतो. बावीस वर्षं ऐकतोय. दोनदा नापास झालीस ती काय उगाच? काय लिहिलंय दोन्ही कागदांवर?"

दोन्ही कागदांवर एकच शेरा होता. ब्रेक उशिरा. पहिल्यांदा ती थांबायच्या रेघेवरून हातभर पुढे गेली होती. दुसऱ्यांदा झेब्रा क्रॉसिंगवर एक म्हातारी पिशवी घेऊन अर्ध्यात आली होती आणि गाडी तिच्या पिशवीपासून वीतभर अंतरावर थांबली होती. परीक्षक स्वतः ब्रेकला पाय लावत नाही. मांडीवर पाटी घेऊन पाय आखडून बसतो आणि लिहितो. मास्तरांनी दोन्ही वेळा त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. घरी बाप शेजारी असताना एकदाही न चुकणारी पोरगी ह्याच्याच शेजारी कशी चुकते?

बबडीचे डोळे भरले होते आणि ते बापाला दिसू नयेत म्हणून ती उजव्या आरशात बघत बसली. मास्तरांना दिसले. त्यांना वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला. तास अर्ध्यातच संपवून त्यांनी तिला रुग्णालयाच्या दारात सोडलं आणि गाडी तडक गॅरेजला नेली.

गॅरेजवाल्या मामांना सगळे मामा म्हणत, मामांपेक्षा वयानं मोठे असलेलेही. मामा बोलायचे कमी. गिऱ्हाईक सांगतं ते ऐकून घ्यायचे आणि मग त्यावर अजिबात विश्वास न ठेवता कामाला लागायचे. मास्तरांनी दिवा, तेल, पुठ्ठा, बायको, सगळं एका दमात सांगितलं. मामांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. जॅक लावला आणि पुढचं चाक काढलं.

"मामा, गळतंय ते वर बघा ना."

"गळत नाही," मामा म्हणाले. आत हात घालून त्यांनी ब्रेकची दोन पॅडं काढली आणि जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवली. मग दुसऱ्या चाकाची काढली, तीही शेजारी मांडली. त्यानंतर ते उठले आणि नळावर जाऊन साबणानं हात धुऊ लागले. मामा वाईट बातमी सांगायच्या आधी हात धुतात, हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. मास्तरांचा पाय गॅरेजच्या फरशीवर दाबायला लागला.

"मास्तर, ही पॅडं मी कधी घातली?"

"आठ महिने झाले असतील."

"साधी गाडी असती तर तीन वर्षं निघाली असती. बघा." मामांनी एक उचलून दाखवलं. लोखंडावरचा काळा थर नखाएवढाही उरला नव्हता. "हा थर झिजला की चाक धरायला आतला दट्ट्या जास्त पुढे येतो. तो पुढे आला की त्याच्यामागे तेल जास्त लागतं. म्हणून डबीतलं कमी होतं. तेल कुठं गेलं नाही, आतच आहे. तेल उतरतं, दिवा लागतो. गाडी दोन महिन्यांपूर्वी सांगत होती, पॅडं बघा म्हणून. तुम्ही वरून तेल ओतून तिचं तोंड बंद केलंत."

मास्तर ओशाळले. हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. पण सवयीनं त्यांनी खापर फोडायला डोकं शोधलं. "शिकाऊ पोरं हो, मामा. दिवसभर ब्रेकवर नाचतात. पॅडं झिजणार नाहीत तर काय?"

मामा हातातली बॅटरी लावून ड्रायव्हरच्या दारापाशी उकिडवे बसले आणि मास्तरांना त्यांनी बोटानं जवळ बोलावलं. उजेड शिकणाऱ्याच्या पेडलवर पडला. त्याच्या रबरावरच्या रेघा नव्या चपलेच्या तळासारख्या उठून दिसत होत्या, रेघांमध्ये धूळ बसलेली होती. मग मामांनी बॅटरी पलीकडे वळवली, मास्तरांच्या बाजूला. तिथं रेघा नव्हत्याच. रबर गुळगुळीत झालं होतं, आणि एका कोपऱ्यात ते फाटून खालचं लोखंड चमकत होतं.

"दोन्ही रबरं एकाच दिवशी घातली होती," मामा म्हणाले.

मास्तर तसेच वाकून बघत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसा पायाखाली होता. आधी त्यांना राग आला, मामांचा, रबराचा, त्या सायकलवाल्याचा. मग एकेक चेहरे आठवायला लागले. तो जाडा शिंपी, ती बँकेतली बाई, तो जुळ्या भावांतला एक. प्रत्येक जण म्हणत होता, मास्तर, मी दाबणारच होतो. आणि प्रत्येकाला त्यांनी हसून सांगितलं होतं, सगळे असंच म्हणतात.

"मामा," त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या हाताखाली ब्रेक लावायला कोणी शिकलंच नाही?"

"नंतर शिकले असतील," मामा म्हणाले. "आपापले."

मामांनी नवी पॅडं बसवायला घेतली. दट्टे मागे ढकलले तसं मास्तरांनी भरलेलं तेल डबीतून वर आलं आणि ओघळायला लागलं. मामांनी मुकाट्यानं फडकं लावलं. मास्तर तेवढ्यात गॅरेजच्या दारापर्यंत सहा फेऱ्या मारून आले. सातव्या फेरीला ते थांबले.

"ती सळई काढून द्या."

मामांनी वर बघितलं. "दुसरं कोणी शिकायला बसेल तेव्हा?"

"शनिवारनंतर परत लावायची. तोवर फक्त पोरगी बसेल."

"आणि हँडब्रेक?"

"तो आहे. तेवढा मला पुरतो."

सळई निघाली. हातभर लांबीची, मामुली लोखंडाची पट्टी. मामांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि मास्तरांनी ती डिकीत ठेवली.

गुरुवारी सकाळी ते बबडीला बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. गाडी सुरू झाली, सगळे दिवे उभे राहिले आणि सगळे खाली बसले. मास्तरांनी घसा साफ केला. पोरीपुढे चूक कबूल करणं म्हणजे काय असतं ते ज्याला पोरगी आहे त्यालाच कळेल.

"बबडे, माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाकलाय."

"का?"

"कारण आजवर तुझा ब्रेक मीच दाबत होतो. तू दाबायच्या आधी. तू दाबणारच होतीस. खरं बोलत होतीस तू. मी ऐकलं नाही."

बबडीनं बापाकडे बघितलं. ती काहीतरी तिखट बोलणार असं मास्तरांना वाटलं आणि ते हक्काचंही होतं. पण ती एवढंच म्हणाली, "मग मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. चालव."

पहिल्यांदा तिनं ब्रेक दाबला तेव्हा मागच्या सीटवरची पाण्याची बाटली उडून पुढे आली आणि मास्तरांचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. "अगं बाई!" बबडी दचकून म्हणाली. "इतका लागतो?" परीक्षेतले ते दोन धसके सोडले तर तिच्या पायाला आजवर पेडल नेहमी अर्धं खाली गेलेलंच भेटलं होतं. किती दाबलं की किती लागतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. नर्सचं शिक्षण पुरं झालेल्या, शेकडो लोकांच्या शिरेत सुई अलगद घालणाऱ्या पोरीला हे ठाऊक नव्हतं, आणि तिचा बाप त्यातला मास्तर होता. मास्तरांना त्या वेळी रडू आलं असतं, पण त्यांचा पाय आडवा आला. तो एकसारखा त्या सैल पेडलवर जाऊन तळाला आपटत होता, खडाक, खडाक, आणि दर खडाकला बबडी बिचकत होती. शेवटी मास्तरांनी बूट काढले आणि चक्क सीटवर मांडी घालून बसले. पट्टा बांधलेला, मांडी घातलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. असा ड्रायव्हिंग मास्तर कोणी पाहिला नसेल.

दुपारपर्यंत बाटली मागच्या सीटवरच राहायला लागली.

शुक्रवारी ते रस्त्यावर गेले. मास्तरांचा पाय मुंगसासारखा मांडीखाली वळवळत होता आणि मग बधिर झाला, ते बरंच झालं. लाकडाच्या वखारीतून एक ट्रक मागे मागे येत रस्त्यावर आला. मास्तर ओरडले, "सा..." आणि उरलेला शब्द त्यांनी गिळला. गाडी थांबली. ट्रकपासून दोन हातांवर. घामानं त्यांचा सदरा सीटला चिकटला होता.

"बरोबर?" बबडीनं विचारलं.

"थोडं आधी," मास्तर म्हणाले. "पण बरोबर."

शनिवारी सकाळी दहा वाजता बबडी परीक्षकाला घेऊन फाटकातून बाहेर पडली. मास्तर कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. समोर सरळ रस्ता होता आणि दोनशे पावलांवर तेच झेब्रा क्रॉसिंग, जिथं मागच्या खेपेला म्हातारी होती. आपली गाडी मागून अशी जाताना मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. इतकी वर्षं ते कायम तिच्या आत असत, आणि परीक्षेच्या वेळी धीर होत नाही म्हणून पाठ फिरवून उभे राहत. मागचे दोन्ही दिवे काळे होते. न्हाव्याची थट्टा त्यांना आठवली आणि हसू आलं नाही.

गाडी निम्म्या रस्त्यावर गेली. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. तिनं फोन कानाला लावला होता. ती फुटपाथच्या कडेला आली आणि न बघता खाली उतरली. मास्तरांचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला, दाबायला.

तो अजून हवेतच होता, तेव्हा लांबवर दोन लाल दिवे लागले. झटका नाही, काही नाही. गाडी सावकाश थांबली. बाई बाबागाडी घेऊन समोरून निघून गेली, फोनवर बोलत. दिवे विझले आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मास्तरांनी पाय अलगद खाली ठेवला. खिशातला फोन वाजत होता, बहुधा केव्हापासून. मास्तरीणबाई होत्या.

"अहो, काय झालं? सांगा ना लवकर. पास का?"

"अजून यायची आहे ती."

"मग तुमचा आवाज असा का येतोय?"

"तिनं दाबला," मास्तर म्हणाले.

"काय दाबला? अहो!"

"ब्रेक. माझ्या आधी."